समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचनालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व विश्वस्त यांस,

सादर नमस्कार.

वाचनालयाच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की माझं झेरॉक्सचं दुकान लागतं. बडोद्याच्या या दांडिया बाजारात दिवाळीला २२ वर्षं होतील. आपल्या वार्षिक अहवालाच्या प्रती, आपल्यापैकी कित्येकांच्या मुलाबाळांच्या व्हिसाचे कागद माझ्याच मशीनवरून गेलेत, त्यामुळे ओळख सांगत बसत नाही. मी आपला आजीव सभासदही आहे. पत्र उघडपणे लिहायला कारण आपणच दिलंत. निर्णय सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं.

निर्णय असा, की तळमजल्यावरची संगणकांची खोली कायमची बंद. चार संगणक, एक प्रिंटर आणि फुकटचं वायफाय, तिन्ही गेलं. त्या जागी वातानुकूलित अभ्यासिका होणार. महिना ९०० रुपये, खुर्ची ॲपवरून राखायची, पैसे ऑनलाइनच भरायचे. कारण एका ओळीत दिलंय: आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल असल्यामुळे या सोयीची गरज उरलेली नाही.

आधी माझ्या पोटाची गोष्ट सांगून टाकतो. खोलीला कुलूप लागल्यापासून माझा धंदा वाढलाय. ऑनलाइन अर्ज भरायचे मी ५० रुपये घेतो. कागद स्कॅन करायचे पानाला १०, फोटो लहान करून पोर्टलला चालेल एवढ्या केबीत बसवायचे १०, प्रिंट ५, आणि अर्ज परत आला तर दुरुस्तीचे ३०. आपल्या खोलीत हेच काम फुकट होत होतं, कागदाचे दोन रुपये डब्यात टाकले की झालं. तेव्हा आपल्या निर्णयाचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच आहे. तरी लिहितोय, कारण १९९८ साली त्याच खोलीत मी टायपिंग शिकलो. माझे वडील मांडवीतल्या एका पेढीवर नामं, म्हणजे हिशेब, लिहायचे. घरी संगणक घेण्याचा विचार सोडा, क्लासची फी विचारायलाही ते बिचकले होते. वाचनालयाला कुणीतरी एक जुना संगणक देणगी दिला होता. ग्रंथपाल बाई वहीत नाव लिहून घ्यायच्या, एकाला एक तास. घड्याळाकडे बघून उठवायच्या, पण पुढचा मुलगा आला नाही तर बसू द्यायच्या. त्या तासांवर माझं दुकान उभं आहे. तेव्हा महिन्याला ९०० रुपये लागले असते तर मी आज काय करत असतो, ते मला माहीत आहे, म्हणून बोलतोय.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या ओळीबद्दलच आहे. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. झेरॉक्सवाल्याला एक सवलत असते, लोकांचे कागद फुकटात वाचायला मिळतात. युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं बाइंडिंग करताना मी एक तक्ता वाचला होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी, २०१७-१८. देशातल्या सगळ्यात गरीब २० टक्के घरांपैकी संगणक होता २.७ टक्के घरांत, इंटरनेट ८.९ टक्के घरांत. सगळ्यात वरच्या २० टक्क्यांत हेच आकडे २७.६ आणि ५०.५. मान्य, आकडे जुने आहेत, त्यानंतर फोन गल्लोगल्ली पोचले. पण चार माणसांच्या घरात एक फोन असणं आणि चौघांकडे चार असणं यातला फरक काउंटरमागे बसलं की रोज दिसतो. परवाच एक पोर आली. "काका, आवकचा दाखला काढायचाय, पण ओटीपी पप्पांच्या फोनवर जातो अन् पप्पा मकरपुऱ्याला कारखान्यात. तिथे फोन गेटवर जमा करतात." पप्पांची सुट्टी संध्याकाळी. तोवर पोर्टलवरचं सेशन संपलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

या आवकच्या, म्हणजे उत्पन्नाच्या, दाखल्यावर जरा थांबतो, कारण सगळी मेख त्याच्यात आहे. आपण गरीब आहोत हे सरकारला पटवायचं असेल तर उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायचा डिजिटल गुजरातच्या पोर्टलवर. पोर्टलसाठी चालू मोबाईल नंबर लागतो, नंबर चालू राहायला रिचार्ज लागतो आणि रिचार्जला पैसे लागतात, जे नाहीत हेच तर सिद्ध करायचं आहे. रिचार्ज बरेच महिने राहिला तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग आधारवरचा नंबर बदलायला केंद्रावर जा, ७५ रुपये भरा, अर्ध्या दिवसाची मजुरी सोडा. नाहीतर जनसेवा केंद्रात रांग लावा, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो असा. माझ्या मुलीचा दाखला मी घरी बसून, चहा गार व्हायच्या आत भरला होता. कागद तोच, शिक्का तोच.

दुसरी तक्रार हिशेबाची. आपल्या सभेत म्हणे एका सन्माननीय विश्वस्तांनी विचारलं, की डेटा एवढा स्वस्त झालाय, मग फुकट वायफाय कशाला? मी दुकानदार माणूस, पाटीवर मांडून दाखवतो. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ वरून २९९ वर गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने होतात तेरा. म्हणजे एका फोनचे वर्षाला ३,८८७ रुपये. २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात, जीबीला सात रुपये पडले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ब्रॉडबँड आहे, महिन्याला करासकट साधारण पावणेपाचशे रुपये. घरातल्या सगळ्यांनी मिळून ३०० जीबी वापरले तरी जीबीला दीड रुपया पडतो. मग गरिबानं ब्रॉडबँड का घेऊ नये? कारण एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्याला घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, दर आठ-अकरा महिन्यांनी खोली बदलते आणि पहिल्या दिवशी एकरकमी पैसे भरावे लागतात. किराण्याचंही तसंच आहे. महिन्याचं सामान भरणाऱ्याला तेल स्वस्त पडतं, रोज दहा रुपयांचं सुटं नेणाऱ्याला महाग. ज्याची मिळकत कमी, त्याला तीच माहिती जास्त भावानं घ्यावी लागते. आपल्या खोलीत हा भाव सगळ्यांना सारखा होता, शून्य.

आता जे सांगतोय ते लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

माझ्या दुकानात संगणकाच्या पडद्याची पाठ गिऱ्हाईकाकडे असते. सगळ्याच फॉर्म भरणाऱ्या दुकानांत असते. समोरची बाई नाव सांगते, जन्मतारीख सांगते, बँकेचा खाते नंबर सांगते, ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी टाइप करतो. मी काय टाइप करतो ते तिला दिसत नाही. गेल्या वर्षी माझ्या हातून एका मुलीच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं. आपल्या बडोद्यातल्या मराठी माणसांच्या नावांची तऱ्हा आपल्याला ठाऊकच आहे. इथल्या पद्धतीनं आडनाव आधी, आधारवर शेवटी, शाळेच्या दाखल्यावर गुजराती उच्चाराप्रमाणे आणि जातीच्या दाखल्यावर भलतंच. शिष्यवृत्ती अडकली. माझी चूक होती, मी पैसे परत केले, दुरुस्ती फुकट केली, पण तोवर कॉलेजच्या फीची तारीख उलटली होती. तिच्या आईनं व्याजानं पैसे काढले. ती मुलगी आपल्या खोलीत स्वतः बसून भरत असती तर स्वतःच्या नावातलं चुकीचं अक्षर तिला दिसलं असतं. तिला चांगलं टाइप करता येतं. मी विचारलं तर म्हणाली, "खोली बंद होती ना काका, रंगकाम चाललं होतं."

आणि माझ्या ड्रॉवरमध्ये एक लाल वही आहे. तिच्यात शंभराहून जास्त लोकांचे पोर्टलचे पासवर्ड आहेत. लोक स्वतःहून लिहून ठेवायला सांगतात, कारण पुढच्या खेपेला पुन्हा माझ्याकडेच यायचं असतं. मी त्यांचा गैरवापर केलेला नाही. पण ही वही असायलाच नको, हे मला कळतं. रात्री शटर ओढताना ती आत आहे ना, हे मी दोनदा बघतो. आपली खोली बंद झाल्यापासून वहीची दहा पानं भरली.

तिसरी तक्रार वेळेची. २०२४ पासून राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांचे, आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीचेसुद्धा, प्रवेश जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात. फेऱ्या लागतात, पसंती द्यायची, जागा मिळाली की ठरलेल्या मुदतीत स्वीकारायची. ज्याच्या खिशात स्वतःचा फोन आहे त्याला हे सोपं आहे. ज्याला संध्याकाळी सातनंतर बापाचा फोन अर्धा तास मिळतो त्याच्यासाठी मुदत निम्मी होते. आपण सुशोभीकरण नेमकं बारावीचे निकाल लागल्यावर काढलंत. हे जाणूनबुजून केलंत असं मी म्हणत नाही. लक्षात आलं नाही, एवढंच. आणि लक्षात आलं नाही याचंच मला वाईट वाटतं, कारण विश्वस्तांपैकी कुणाच्या घरात त्या महिन्यात असा प्रश्न पडलाच नसेल.

खोलीत मुलं रील बघतात, ही तक्रार मीही ऐकली आहे. बघत असतील. वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसून डुलक्या काढणारे आमचे काही ज्येष्ठ सभासदही मी बघितलेत, त्यासाठी टेबल कुणी काढलं नाही.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा आठवण आहे. २०२० साली शाळा बंद होत्या, वर्ग फोनवर आले होते. वाचनालयालाही कुलूप होतं. पण ग्रंथपाल बाईंनी राउटर चालू ठेवला होता आणि पासवर्ड खडूनं ओट्याच्या भिंतीवर लिहिला होता. पायऱ्यांवर अंतर सोडून सात-आठ मुलं बसायची, वाडीतली, बाबाजीपुऱ्यातली, एक तर पाणीगेटहून सायकल मारत यायचा. पोलीस आले की उठायची, गेले की पुन्हा बसायची. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून त्यांना स्वाध्यायाची पानं काढून द्यायचो. त्या वायफायचा ठराव कुठल्याच सभेच्या इतिवृत्तात नसेल.

आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर. पाणी ओसरल्यावर लोक माझ्याकडे भिजलेली कागदपत्रं घेऊन आले. रेशनकार्डाचा लगदा, मार्कशीटची शाई उतरलेली, फोन गाळानं भरलेले. ज्यांचे कागद सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये होते त्यांनी ते नव्या फोनवर पाच मिनिटांत उघडले. ज्यांचा एकच फोन वाहून गेला होता आणि नंबरही त्याच्याचबरोबर, ते आपल्या खोलीत रांगेनं बसले होते, आठवतंय? त्या आठवड्यात आपले दोन तरुण विश्वस्त स्वतः मदत करत होते. ही तीच माणसं आहेत, ज्यांची गरज आता उरलेली नाही.

कायद्याची भाषा मला येत नाही. पण एका वकिलांनी निकालपत्राच्या प्रती काढायला दिल्या होत्या, त्या चाळल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रकरण काय होतं? ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या एका बाईंना बँकेत खातं उघडायचं होतं आणि केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा म्हणत होते. त्यांना ते शक्यच नव्हतं. निकाल सरकार आणि नियामक संस्थांसाठी आहे, आपल्यासारख्या न्यासावर तो थेट बंधनकारक नसेल. मी आपल्याला कोर्टाची भीती घालत नाही. पण दिल्लीतल्या न्यायमूर्तींना जी अडचण कळली ती दांडिया बाजारात बसून आपल्याला कळू नये, याचं नवल वाटतं.

आपल्या सभागृहात व्यासपीठाच्या मागे सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. दरवर्षी हार घालताना आपण भाषणात सांगता, की कवळाण्याचं बारा वर्षांचं पोर १८७५ मध्ये गादीवर आलं तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालयाला राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं दिली. ज्या गावात वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत जायच्या आणि वाहतुकीचा खर्च राज्य करायचं. पेटी उघडणाऱ्याला वाचायचे पैसे पडत नसत. महाराजांकडे हा हिशेब तयार होता, की ज्याला परवडतं तो पुस्तक विकत घेईलच, पेटी दुसऱ्यासाठी आहे. त्या काळी माहिती पुस्तकात होती, म्हणून पेटीत पुस्तकं होती. आज उत्पन्नाचा दाखला, प्रवेश, शिष्यवृत्ती, पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं पडद्यापलीकडे गेलंय, तर आपण पेटीला कुलूप घालून तिच्यावर एसी बसवलात.

एसीवर राग नाही. बडोद्याचा मे महिना मीही काढतो. अभ्यासिका जरूर करा, स्पर्धा परीक्षांची मुलं पैसे द्यायला तयार आहेत, वाचनालयालाही उत्पन्न हवं. माझं म्हणणं एवढंच:

१. चार संगणक आणि प्रिंटर परत लावा. तळमजल्यावर जागा नसेल तर जिन्याखालचा कोपरा चालेल. रोज दुपारी चार ते रात्री आठ. कामावरून सुटलेल्या माणसाला यायला जमेल अशी हीच वेळ आहे.

२. वायफाय पुन्हा खुलं करा. खर्चाचं म्हणाल तर अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचे महिन्याचे पैसे ९०० आहेत. एका खुर्चीच्या पैशांत सगळ्या पायऱ्यांचं वायफाय भागून वर उरतात.

३. अभ्यासिकेत काही खुर्च्या बिनपैशाच्या ठेवा. त्यांना ॲप नको, वही चालेल, बाईंच्या वेळी होती तशी. आणि कृपा करून त्या खुर्चीसाठी उत्पन्नाचा दाखला मागू नका. का, ते वर लिहिलंय.

४. हा निर्णय सर्वसाधारण सभेपुढे ठेवा आणि सभेची सूचना बाहेरच्या फळ्यावर लावा. खोली वापरणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच आपला सभासद नाही, त्यामुळे ग्रुपवरही नाही. ज्यांचं काम अडलंय त्यांनाच निर्णय कळला नव्हता. मंगळवारी कुलूप बघून कळला.

माझ्याकडून देतो ते असं. दुकानातले दोन मॉनिटर बदलायचे आहेत, जुने चांगले चालतात, ते वाचनालयाला. वर्षभर प्रिंटरचं टोनर माझ्याकडून. आठवड्यातून तीन दिवस, सहा ते आठ, मी स्वतः येऊन बसेन, मुलगी दुकान सांभाळेल. बसेन तो खुर्चीच्या मागे, टाइप ज्याचं त्यानं करायचं. लाल वहीतल्या लोकांना एकेक करून बोलावतो, स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलायला शिकवतो आणि ते ते पान त्यांच्यासमोर फाडतो.

वयस्कर मंडळींपैकी कुणाला यात माझी काही चाल दिसत असेल तर त्यांनी सकाळी अकराला दुकानात येऊन तासभर स्टुलावर बसावं. चहा माझा.

उत्तर ग्रुपवर देऊ नये ही विनंती. बाहेरच्या फळ्यावर कागद लावलात तर मला दुकानातून दिसतो, आणि ज्यांना हवाय त्यांनाही. टाचण्या संपल्या असतील तर पाठवून देतो.

आपला,
समोरचा झेरॉक्सवाला
दांडिया बाजार, बडोदे